पळसनाथ : पाण्याखालचे मंदिर

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण मागे टाकले की डाव्या हाताला मधून मधून पाण्याचा विस्तीर्ण पसारा दिसू लागतो. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला बारामती, इंदापूर, दौंडच्या शाळांच्या सहली येतात. हा भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असली, तरी पाण्याचा मोठा फुगवटा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात पसरलेला आहे. या फुगवट्यात भीमेच्या काठचे जुने पळसदेव गाव बुडाले. धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले, पण पाणी त्याआधीच गावात शिरले होते. माणसे रस्त्यालगतच्या नव्या गावठाणात आली. देवाचीही तेथे नव्या मंदिरात स्थापना झाली. मागे राहिले ते घरांचे चौथरे आणि पळसनाथाचे मध्ययुगीन शिवमंदिर.

पाणी उतरले की या मंदिराचे शिखर वर डोकावते. दुष्काळी वर्षी पाणी फार खाली गेले तर खांब, सभामंडप आणि जोतेही उघडे पडते. २०२३ चा पावसाळा तोकडा पडला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोकांची रीघ लागली. ‘एवढी वर्षे पाण्यात राहूनही मंदिर जसेच्या तसे कसे?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. प्रश्न चांगला आहे. मात्र ‘जसेच्या तसे’ हे शब्द तपासून पाहायला हवेत. त्यासाठी आधी धरणाचा हिशेब, मग मंदिराची बांधणी आणि शेवटी पाण्याचा दगड-विटांवरील परिणाम, अशा क्रमाने जाऊ.

शून्याच्या खालचे पाणी

‘उजनी उणे चाळीस टक्के’ अशी बातमी वाचून मुले गोंधळतात. पाणी शून्यापेक्षा कमी कसे असेल? उत्तर धरणाच्या रचनेत आहे. कालव्यात पाणी सोडण्याची दारे ज्या पातळीला असतात, तिच्या वरच्या साठ्याला उपयुक्त साठा म्हणतात. तिच्या खालचे पाणी कालव्यात नेहमीसारखे जाऊ शकत नाही; तो मृत साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची, म्हणून मृत साठ्याला हात लागला की आकडा उणे होतो.

उजनीचे वैशिष्ट्य असे की येथे मृत साठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा आहे. एकूण साठा सुमारे ११७.२३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यापैकी उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते, तर शून्य टक्क्यांची पातळी ४९१.०३ मीटर. दोन्हींतील फरक फक्त ५.८० मीटर, साधारण दुमजली घराएवढा. एवढ्या पट्ट्यात ५३.५७ टीएमसी, म्हणजे सुमारे १५२ कोटी घनमीटर पाणी मावते. भागाकार केला तर या पट्ट्यातील जलाशयाचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर येते. उजनी ही खोल विहीर नाही, पसरट परात आहे. परातीतले पाणी थोडे उतरले तरी काठ खूप उघडा पडतो. म्हणूनच उन्हाळ्यात येथे गाळपेरीला इतकी जमीन मिळते.

हा ५.८० मीटरचा पट्टा लक्षात ठेवावा. दर वर्षी पाणी प्रामुख्याने याच पट्ट्यात खालीवर होते. एरवीच्या उन्हाळ्यात शिखराचाच काही भाग दिसतो आणि खालचे मंदिर दिसायला आकडा बराच उणे व्हावा लागतो. याचा अर्थ, शिखर हे पाण्याच्या वार्षिक चढउताराच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला येते, आणि त्याखालचे मंदिर बहुतेक वर्षे मृत साठ्यात बुडून राहते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

खाली दगड, वर वीट

पळसनाथाचे मंदिर ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे अशी मंदिरे बांधली जात होती. तेव्हा ‘हेमाडपंती’ हे एका पद्धतीला लोकांनी दिलेले सैलसर नाव समजावे. केवळ त्यावरून बांधकामाचे साल ठरत नाही.

या पद्धतीत काळा दगड घडवून, त्याचे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतील असे करून थर रचतात. सांध्यात चुना नसतो किंवा नाममात्र असतो. दगड जागेवर राहतो तो स्वतःच्या आणि डोक्यावरच्या वजनामुळे. दोन दगडांच्या पृष्ठभागांतील घर्षण त्यांना सरकू देत नाही आणि हे घर्षण वरून येणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते. छतही याच तत्त्वावर उभे असते. खांबांवर तुळया, तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड, त्यावर आणखी लहान चौकोन, असे करत मधली पोकळी झाकत आणतात. कमान नाही, डिंक नाही, सारा खेळ वजनाच्या तोलाचा.

पळसनाथाचे शिखर मात्र भाजक्या विटांचे आणि चुन्याचे आहे. वर वीट का? घनमीटरभर काळ्या दगडाचे वजन सुमारे २,९०० किलो भरते, तर तेवढ्याच वीटकामाचे सुमारे १,८०० ते १,९०० किलो. उंच शिखराचा भार खालच्या खांबांवर कमी यावा हा एक फायदा. दुसरा असा की विटेला आणि चुन्याच्या गिलाव्याला हवा तो आकार देता येतो. या भागात चुनखडकाचे थर नाहीत, पण काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घालून, वाळू मिसळून घाणीत मळला की बांधकामाचा चुना तयार होतो. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगडासारखा कठीण बनतो.

महाराष्ट्रातील अनेक जुन्या मंदिरांत दगडी अंग आधीचे आणि विटांचे शिखर नंतरच्या काळातले असे आढळते. पाहणाऱ्याने म्हणूनच विटांची लांबी, रुंदी, जाडी मोजावी, दगड आणि वीट यांचा सांधा नीट पाहावा. विटेचे वय तापदीप्तीच्या पद्धतीनेही काढता येते. मातीतील खनिजांच्या कणांत आसपासच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. वीट भाजताना ही जुनी साठवण पुसली जाते आणि मोजणी नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत नमुना तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, त्यावरून भाजणीचा काळ कळतो. छिद्रांतील पाणी काही किरणोत्सार अडवते, म्हणून बुडालेल्या विटेच्या बाबतीत ओलाव्याचा हिशेब अधिक काळजीने करावा लागतो.

पाण्याने काय राखले?

पाणी म्हणजे नाश असे आपण सहज धरून चालतो. पण जमिनीवरील जुन्या मंदिरांचे शत्रू कोण, ते आठवून पाहा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा उंबराचे बी सांध्यात पडते, रुजते आणि त्याची मुळे पाचरीसारखी दगड उचकटतात. बुडालेल्या दगडांत पिंपळ उगवत नाही. दुपारच्या उन्हात काळा दगड तापतो आणि रात्री निवतो, त्याच्या पृष्ठभागाचे रोज प्रसरण-आकुंचन होते. पाण्याखाली तापमानाचा हा झोका फारच लहान असतो. घर बांधायला घडीव दगड उचलून नेणारे हात तेथे पोहोचत नाहीत. आणि भक्तीपोटी केली जाणारी डागडुजी, म्हणजे कोरीव खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी आणि सांध्यांत सिमेंट, तीही तेथे होत नाही.

‘एवढ्या पाण्याच्या दाबाने मंदिर चिरडले कसे नाही?’ असे मुले विचारतात. दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा असतो, हे खरे. पण मंदिराला दारे आहेत. पाणी आत शिरले की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दाब सारखाच होतो. झाकण लावलेला रिकामा डबा खोल पाण्यात चेपतो, उघडा तांब्या चेपत नाही.

पाण्याने काय नेले?

आता दुसरी बाजू. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाने ती हलकी होते. घनमीटरभर काळा दगड पाण्यात २,९०० ऐवजी सुमारे १,९०० किलोचा भार देतो. म्हणजे एक तृतीयांश वजन गेले. वजनाबरोबर त्याच प्रमाणात घर्षणही गेले. ज्या बांधणीचा सारा भरवसा वजनावर आहे, तिला पाण्याखाली लाटेचा किंवा प्रवाहाचा धक्का सोसण्याची ताकद कमी उरते.

विटेचे गणित आणखी नाजूक आहे. वीट सच्छिद्र असते, ती पाणी पिते. कोरडे असताना १,९०० किलोचे वीटकाम पाण्याने संपृक्त झाले की २,१०० किलोच्या आसपास जाते. बुडालेले असेपर्यंत त्याचा भार १,१०० किलोच जाणवतो, कारण पाण्याचा आधार आहे. पाणी उतरले की आधार निघून जातो, पण विटेतले पाणी लगेच निघत नाही. त्या दिवसांत शिखर आपल्या आयुष्यातले सर्वांत जड असते, आणि नेमका त्याच वेळी चुना भिजून मऊ झालेला असतो.

पुढे वीट वाळू लागते. पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. विटेच्या वरच्या कातडीखाली त्यांचे स्फटिक वाढतात आणि कातडी पापुद्र्यासारखी सुटते. जुन्या घरांच्या भिंतींना तळाशी ‘लोणा लागतो’ तो हाच. भिंतीच्या तळापेक्षा थोडे वर, जेथे ओल आणि कोरडेपणा यांची शिवाशिव चालते, तेथे लोणा सर्वांत जास्त दिसतो. कायम कोरडा भाग टिकतो, कायम ओला भागही बराच टिकतो, सीमेवरचा भाग झडतो. उजनीच्या पाण्यात पुणे-पिंपरी परिसराचे सांडपाणीही येऊन मिळते, हे येथे विसरून चालणार नाही.

लाटांचेही तसेच. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितक्या लाटा मोठ्या होतात, आणि उजनीत हे अंतर कित्येक किलोमीटर आहे. पण लाटेचा हिसका खोलवर जात नाही. लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच तो जाणवतो. सहा मीटर लांबीची लाट तीन मीटर खाली जवळजवळ संपते. म्हणजे मार बसतो तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या भागाला.

आता सुरुवातीचा पट्टा आठवा. लाटांचा मार, ओले-कोरडे होण्याचे चक्र आणि आधार येण्या-जाण्याचे हिसके, हे तिन्ही जेथे एकत्र येतात, तो वार्षिक चढउताराचा पट्टा. त्या पट्ट्याच्या वाट्याला आले आहे विटांचे शिखर, मंदिरातील सर्वांत दुबळे साहित्य. कणखर दगडी अंग खालच्या शांत पाण्यात आहे. बांधणाऱ्यांनी वजन हलके करण्यासाठी वीट वर घातली. त्यांच्या काळच्या जमिनीवर ती योग्यच होती, पाण्याची रेघ तिच्यातून जाईल हे त्यांना कसे ठाऊक असणार? तेव्हा ‘एवढी वर्षे पाण्यात राहून टिकले’ हे दगडाबद्दल बऱ्याच अंशी खरे आहे. शिखराबद्दल तसे म्हणता येणार नाही. पाण्यातून बाहेर येण्याचा जो सोहळा आपण पाहायला जातो, तोच त्याची झीज करतो.

हलवता आले असते का?

धरणाखाली जाणाऱ्या वास्तू हलवल्याची उदाहरणे आहेत. इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे आस्वान धरणामुळे बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती करवतीने कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणात गेले. तेथील महादेवाचे प्राचीन मंदिर १९८० च्या दशकात दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभे केले गेले. कुर्डी म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथले जुने रहिवासी आजही आपल्या घरांच्या जागी जातात.

दगडाचे मंदिर असे हलवता येते, कारण ते कोरड्या सांध्यांचे असते. प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, नकाशावर तोच क्रमांक मांडायचा, उतरवायचे आणि त्याच क्रमाने रचायचे. विटा-चुन्याचे शिखर मात्र सुटे करताच संपते. दुसरीकडे उभारले तर ते नवे बांधकाम होते. पळसनाथाचे अंग आणि शिखर यांची ही अडचण वेगवेगळी आहे. आज यावर चर्चा करताना दोन्हींना एकच उपाय सुचवणे चुकीचे ठरेल.

शाळेला काय करता येईल?

मंदिर उघडे पडते ते थोडे दिवस, आणि कधी ते आधी सांगता येत नाही. म्हणून तयारी आधीची हवी. पळसदेव, भिगवण, इंदापूर, बारामती परिसरातील शाळांना हे काम सहज जमण्यासारखे आहे.

पहिले काम नोंदीचे. दर वेळी त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने, शेजारी मीटरपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहावी. शिखराच्या कोणत्या थरापर्यंत पाणी आहे ते पातळीसह टिपले, तर काही वर्षांत मंदिराच्या प्रत्येक भागाची उंची मुलांना स्वतः काढता येईल. धरणाची पातळी हीच त्यांची मोजपट्टी. दोन वर्षांच्या छायाचित्रांची तुलना केली की कोणती वीट गेली, कोणता सांधा उघडला, हे दिसेल. मंदिराच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळाही आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांची रेखाचित्रे काढावीत. शिळा हलवू नयेत, त्यावर खडू किंवा तेल लावू नये. आणि शिखरावर कोणालाही चढू देऊ नये. ते का, हे आता मुलेच सांगतील.

दुसरे काम वर्गातले. तराजूच्या काट्याला किलोभर वजनाचा काळा दगड दोरीने टांगून बादलीतल्या पाण्यात बुडवा, काटा सुमारे ६५० ग्रॅमवर येईल. मग एक वीट कोरडी, दिवसभर भिजवून बाहेर काढलेली आणि पाण्यात टांगलेली अशी तीनदा तोला. तिसरा प्रयोग धीराचा. एकाच भट्टीच्या तीन विटा घ्या. एक कोरडी ठेवा. दुसरी मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. तिसरी आठवडाभर त्याच पाण्यात आणि आठवडाभर उन्हात, असे आलटून पालटून करा. सहामाही परीक्षेपर्यंत तिन्ही विटा बोटाने घासून पाहा. कोणत्या विटेची भुकटी हाताला लागते?

गणिताच्या तासाला हेही विचारता येईल : उजनी ‘उणे ५० टक्के’ असताना जलाशयात किती टीएमसी पाणी शिल्लक असते? (उपयुक्त साठ्याच्या निम्मे, म्हणजे २६.८ मृत साठ्यातून वजा करायचे. उत्तर सुमारे ३६.९.) आणि जलाशय पूर्ण कोरडा पडला तर आकडा किती उणे होईल? (सुमारे ११९ टक्के.)

तिसरे काम घरचे. जुने गाव पाहिलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. पार कोठे होता, नदीवर जायची वाट कोणती, जत्रा कशी भरे, शिखराला तेव्हा गिलावा होता का, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मंदिर बुडण्यापूर्वी कसे होते, हे सांगणारा याहून चांगला दस्तऐवज मिळणे कठीण, आणि तो विटेपेक्षा लवकर झिजतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये उजनी पुन्हा पूर्ण भरली. शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो रास्तच होता. पळसनाथ पाण्याखाली गेला. तो पुन्हा वर येईल तेव्हा काठावर गर्दी जमेलच. त्या गर्दीत मीटरपट्टी आणि वही घेतलेली काही मुले असली, तर या वेळी काय उरले आणि मागच्या वेळेपासून काय गेले, हे सांगणारे कोणीतरी तेथे असेल.